पाऊण कप

कलकत्ता,
१० फेब्रुवारी १९५७

सुलोचना,

तुला जयभीम. मायला पाया पडतो म्हणून सांग. हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव, पण आत घडी घातलेली निळी चिठ्ठी तुझी एकटीची आहे. भरात येऊन तीही वाचलीस तर घरी यायला मला तोंड राहणार नाही.

दोन महिने वणवण केल्यावर काम लागलं. इथे बहूबाजारात चिनी सुतारांची एक गल्ली आहे, तिथल्या एका दुकानात. मालकाला सगळे लियांग मिस्त्री म्हणतात. साठीचा म्हातारा, अंगानं काडी, आणि बोलणं त्याहून कमी. वीस वर्षांपूर्वी चीनमधून आला, बायको तिकडेच राहिली. दुकानात आम्ही सात जण, सहा चिनी आणि सातवा सिंदी रेल्वेचा प्रेमदास. ही माणसं खिळा न मारता लाकडात लाकूड असं बसवतात की मधून केस जात नाही. आपल्या गावच्या सुतारानं मला कधी रंध्याला हात लावू दिला नाही, हे माय जाणते. इथे पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं रंधा माझ्या हाती दिला आणि म्हणाला, "चलाओ." मी चालवला, तो वाकडा गेला. मिस्त्री हसला नाही की रागावलाही नाही.

आता यांच्या चहाची मजा ऐका. सकाळी दहाला काम थांबतं. मिस्त्री स्वतः किटली घेऊन येतो आणि सगळ्यांना ओततो, मालक असून. कप म्हणजे आपल्या बाहुलीच्या खेळातला, आणि त्याला कान नाही. चहात दूध नाही, साखर नाही, नुसतं पिवळं पाणी. आणि तेही पाऊणच कप! सगळ्यांना पाऊण, स्वतःलाही पाऊण. एवढी मोठी किटली भरलेली असते आणि हात मात्र आखडता. त्यानं ओतलं की बाकीचे दोन बोटांनी टेबलावर टकटक करतात. मला आधी वाटलं मुंग्या मारतात. तो त्यांचा नमस्कार आहे म्हणे. मीही करतो.

दुकानात एक मूर्ती आहे, चेहरा आपल्या बुद्धासारखा शांत, पण बाईची. तिच्यासमोर रोज उदबत्ती लागते. ते पाहून मला वाटलं, आपण आपल्याच माणसांत आलो.

तुमचा,
प्रेमदास

(निळी चिठ्ठी)

जिनिंगच्या कारखान्यातून आलीस की तुझ्या केसांत अडकलेला कापूस मी वेचत असे, आणि तू "पुरे आता" म्हणत असायचीस. इथे माझ्या केसांत लाकडाचा भुसा असतो. वेचणारं कोणी नाही. निजायला दुकानातलीच फळी आहे, तिथे तुला कुठे ठेवू? पण ठेवायची आहे हे नक्की.

---

सिंदी (रेल्वे),
३ मार्च १९५७

तुम्हाला माझा जयभीम.

पत्र पोचलं. मायनं तीनदा वाचून घेतलं. चहाची गोष्ट आली की प्रत्येक वेळी मांडीवर हात मारून हसते. म्हणाली, "हे कोणते सुतार होत बाप्पा? दूध नाई, साखर नाई, अन् त्यातई कप उणा!" शेजारच्या चतुराबाईलाही बोलावून ऐकवलं. आता गल्लीत कोणी कमी वाढलं की बाया म्हणतात, चिन्याकडचं वाढलं.

माय सांगते आणि मी लिहिते आहे, तिचेच शब्द:

"प्रेमदास, तुया हातानं ओताची पाळी आली तं काठोकाठ ओतजो. बशीत सांडलं पायजे. त्याईनं उणं देलं म्हणून आपण उणं नाई द्याचं. म्हातारा परक्या मुलखात एकटा राहून राह्यला, त्याले कोन देते भरून? सिंदीवाल्याचं नाव राह्यलं पायजे."

माय बरी आहे. सुईत दोरा ओवायला तेवढी मला हाक मारते. कापसाचं काम या महिन्यात संपेल.

चिठ्ठीचं उत्तर इथेच लिहिते, कारण निळा कागद माझ्याकडे नाही. हे मी वाचून दाखवणार नाही. हावडा मेल सिंदीला थांबत नाही. रोज धडधडत जाते आणि मी हातातलं काम सोडून तिच्याकडे पाहत उभी राहते. कलकत्त्याहून आलेली गाडी मुंबईकडे जाताना पाहिली की मला राग येतो, तिकडून आलीस तर रिकामी काऊन आलीस म्हणून. केसांतला कापूस आता मी स्वतःच काढते. पुरता निघत नाही.

सुलोचना

---

कलकत्ता,
१६ जून १९५७

सुलोचना,

जयभीम. आज निळी चिठ्ठी नाही, कारण जे आहे ते साऱ्या गल्लीला ऐकव.

मिस्त्रीनं मला एका कपाटाचं दार एकट्यानं करायला दिलं होतं. चार कोपरे, चार सांधे. झाल्यावर त्यानं प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, "तुम जल्दी नहीं करता. अच्छा." पाच महिन्यांत तो माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलला.

आसेंग म्हणून माझ्या शेजारी काम करणारा आहे, कलकत्त्यातच जन्मलेला, हिंदी चांगली बोलतो. त्यानं सगळं समजावलं. यांच्या सुतारांचा कोणी आद्यगुरू होऊन गेला, त्याचा सण जुलैच्या दहा तारखेला आहे. त्या दिवशी नव्या माणसानं उस्तादाला आपल्या हातानं चहा द्यायचा. उस्तादानं तो प्याला की माणूस त्याचा शागीर्द झाला. मग तो रोजीवरचा हमाल राहत नाही, घरचा होतो. त्याला पेटीतली हत्यारं मिळतात, आणि दुकानावरचा माळाही मिळतो. माळ्याला खिडकी आहे सुलोचना, आणि चुलीपुरती जागा आहे. बायको आणायला हरकत नाही असा मिस्त्रीचाच निरोप आसेंगनं दिला आहे.

एका कपावर सगळं आलं आहे. मायला सांग, तिनं सांगितलेलं माझ्या ध्यानात आहे. मी असा ओतीन की म्हाताऱ्यानं जन्मात पाहिला नसेल.

तू पेटी बांधायला घे.

तुमचा,
प्रेमदास

---

सिंदी (रेल्वे),
२ ऑगस्ट १९५७

तुम्हाला जयभीम.

दहा तारीख होऊन तीन आठवडे गेले. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की माय उठून उभी राहते आणि तो पुढे गेला की बसते. पत्र वाटेत हरवलं असेल असं मी तिला सांगते. मला तसं वाटत नाही.

पेटी बांधून ठेवली आहे. नागपूरला दीक्षेच्या वेळी नेसलेलं पांढरं लुगडं सगळ्यात वर ठेवलं. तुम्ही आजारी आहात का? एक ओळ लिहा. वाईट असली तरी लिहा.

सुलोचना

---

कलकत्ता,
११ ऑगस्ट १९५७

सुलोचना,

हे पत्र मायला वाचून दाखवू नको. पत्र आलंच नाही असं सांग.

त्यानं माझ्या हातचा चहा प्याला नाही.

दहा तारखेला मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेलो. मिस्त्री खुर्चीवर बसला होता, बाकी सगळे उभे होते. मी गुडघे टेकले, दोन्ही हातांनी किटली धरली आणि कप भरला. काठोकाठ. आणखी एक थेंब घातला असता तर मावला नसता. खाली थोडा सांडलाही. मी मान खाली घालून कप पुढे केला. मिस्त्रीनं तो घेतला नाही.  तो उठला आणि मागच्या खोलीत निघून गेला.  मी कप हातात धरून बसलो होतो, बोटं भाजत होती, पण ठेवावा कुठे ते कळेना.

कोणी माझ्या हातचं पाणी पीत नाही हे मला काही नवं नाही, सुलोचना. सिंदीत ते माहीत असतं, माणूस त्या घरी जातच नाही. पण इथे मी गाफील राहिलो. रंधा हातात दिला, शेजारी बसवलं, मूर्तीपुढे उदबत्ती लावली, म्हणून मी समजलो की यांना ते ठाऊकच नाही. कोणीतरी सांगितलं असणार, हा कोण म्हणून. इतक्या दूर येऊन तेच.

आता मी दहाच्या चहाला बसत नाही. नळावर पाणी पितो. मिस्त्रीनं कामावरून काढलं नाही, पण बोलतही नाही. हातातलं टेबल पूर्ण केलं की मी निघतो. पेटी सोडून टाक. तुझी आठवण येते म्हणून परत येतो असं मायला सांग. ते खोटंही नाही.

प्रेमदास

---

सिंदी (रेल्वे),
१९ ऑगस्ट १९५७

तुम्हाला जयभीम.

तुमचं ऐकलं नाही. पत्र मायला वाचून दाखवावं लागलं. मी मनात वाचत होते, पण माझा श्वास ऐकून ती म्हणाली, "सांग, काय झालं ते. पोरगा हाय ना माया?" मग सांगितलं. त्या दिवसापासून तिनं चहा सोडला आहे. एकच बोलते, "म्या सांगतलं होतं काठोकाठ ओत म्हणून." मी म्हणते, यात तुमचा काय दोष? ती ऐकत नाही.

तुमच्यावर रागावण्याचा मला हक्क नाही, पण मी रागावले आहे. तुम्ही विचारलं का? महिनाभर नळाचं पाणी प्यालात, पण शेजारच्या आसेंगला विचारलं नाही. आपल्याला उत्तर आधीच माहीत आहे असं धरून चाललात. आपल्याला तशी सवयच झाली आहे, मलाही आहे. म्हणून मी चार दिवस विचार करत बसले.

मला स्टेशनाबाहेरचं ते हॉटेल आठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही मला नेलं होतं. आपले कप बाहेर खुंटीला टांगलेले. आपणच धुऊन पायरीवर ठेवले, आणि त्या माणसानं उभ्यानं, हातभर वरून ओतला. कसा ओतला होता? काठोकाठ. बशी भरून खाली सांडेपर्यंत. माझी बोटं भाजली, तुम्ही फुंकर घातली होती. तो काय मान देत होता आपल्याला? आपण लवकर पिऊन निघून जावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणजे भरलेला कप मानाचाच असतो असं आपल्या गावातसुद्धा नाही. मग त्या परक्या माणसाच्या मुलखात काय असेल ते विचारल्याशिवाय तुम्हाला आणि मायला कसं कळणार? कप किती भरला ते सोडा. मला एवढंच सांगा, रोज पाऊण कप ओतताना मिस्त्री किती जवळ उभा असायचा?

विचारल्याशिवाय येऊ नका. आलात तर मी दार उघडीन, जेवू घालीन, खूप आनंद होईल. पण ती खिडकी जन्मभर माझ्या डोळ्यांपुढून जाणार नाही.

सुलोचना

---

कलकत्ता,
८ सप्टेंबर १९५७

सुलोचना,

तुला जयभीम, आणि मायला शंभर वेळा.

तुझं पत्र दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. तू विचारलंस तो किती जवळ उभा असायचा. तेव्हा मला आठवलं. तो खाली वाकून, दोन्ही हातांनी ओतायचा. त्याच्या सदऱ्याची बाही रोज माझ्या खांद्याला लागायची. एवढं मी विसरलो कसा, काही कळत नाही.

आसेंगला विचारलं. त्यानं कपाळावर हात मारला. म्हणाला, तूच सांग, तू उस्तादाचा सगळ्यांसमोर अपमान का केलास? मी म्हटलं, मी? मग त्यानं सांगितलं. यांच्यात कप कधी भरून देत नाहीत. कपाला कान नाही, काठापर्यंत गरम चहा भरला तर पाहुण्यानं धरावा कुठे? वरची जागा रिकामी ठेवली म्हणजे अजून बसा, पुन्हा ओततो. आणि काठोकाठ भरून पुढे केला, तर त्याचा अर्थ, पी आणि चालता हो.

आणि मी तर गुडघे टेकून म्हटलं, चालता हो!

मी तसाच मागच्या खोलीत गेलो. मिस्त्री करवतीला धार लावत होता. मला जेवढी हिंदी आली तेवढी बोललो. आमच्या गावात भरून देणं म्हणजे प्रेम, माझ्या मायनं तुमच्यासाठी मुद्दाम सांगितलं होतं, म्हातारा एकटा आहे, त्याला भरून दे म्हणून. आसेंग मागे उभा राहून त्यांच्या भाषेत सांगत होता. आणि मला काय वाटलं होतं तेही सांगितलं, सिंदीच्या हॉटेलासकट. ते सांगताना माझा आवाज फुटला. दहा तारखेला कप धरून बसलो होतो तेव्हा फुटला नव्हता, तो आता फुटला.

मिस्त्रीनं करवत खाली ठेवली. म्हणाला, "बीस साल. सब पूछता, चीना कब जाएगा? मैं सोचा, तुम भी बोला." मग म्हणाला, "घर कहाँ? उधर बीवी का चिट्ठी दो साल नहीं."

आम्ही दोघंही दोन महिने एकाच छपराखाली, एकच गोष्ट मनात धरून बसलो होतो. तुला सांगतो, मला लाज वाटली, आणि हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी दहाला त्यानं सगळ्यांना उभं केलं. मी पुन्हा गुडघे टेकले. पाऊण कप झाला तशी किटली खाली ठेवली आणि कप पुढे केला. मिस्त्रीनं कप घेतला, तीन घोटांत प्याला, आणि दोन बोटांनी टेबलावर टकटक केली. त्यानं माझ्यासाठी केली, सुलोचना. मग त्यानं किटली उचलली आणि माझा कप भरला. पाऊण.

माळा मिळाला. मी झाडून काढला. खिडकीतून समोरच्या घराचं कौलारू छप्पर आणि थोडं आकाश दिसतं. दसरा झाला की ये. माझ्या केसांतला भुसा आहे तसाच ठेवला आहे.

प्रेमदास

---

सिंदी (रेल्वे),
५ ऑक्टोबर १९५७

तुम्हाला माझा जयभीम.

परवा दसरा झाला. दीक्षेला वर्ष झालं. तुमचं पत्र येऊन महिना होत आला आणि उत्तर गेलं नाही म्हणून तुम्ही पुन्हा नळाचं पाणी प्यायला लागला असाल. मी दोन उत्तरं लिहून फाडली. दोन्हींत एकच लिहिलं होतं, की मी येऊ शकत नाही.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. मायला दिसत नाही. सुईत दोरा ओवून मागते असं लिहिलं होतं ना, ते तिथून सुरू झालं. आता दारात कोण उभं आहे ते तिला आवाजावरून कळतं. पोस्टमनला ती चपलांवरून ओळखते. तिनंच मला शपथ घातली होती, प्रेमदासाले नाई सांगाचं, तो काम सोडून येईन. मी तिला सोडून कशी येऊ? त्या खिडकीचं तुमचं पत्र तिला वाचून दाखवताना मी ये म्हणून लिहिलेली ओळ गाळली. म्हटलं, तिला कळणार नाही.

 पण आंजीच्या बाजाराला जाणाऱ्या चतुराबाईजवळ तिनं काहीतरी निरोप दिला. आणि काल तुमची बहीण मीराबाई आंजीहून आपलं गाठोडं घेऊन दारात उभी. म्हणाली, "मायनं बोलावलं. मी आता अठीसाच राहीन. डोये दाखवाले वर्ध्याले नेतो तिले." मी मायकडे पाहिलं. तिनं मान दुसरीकडे फिरवली.

आज सकाळी उठले तर चूल पेटलेली. माय चुलीशी बसून चहा करत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, सरका, मी करते. "बस तू," म्हणाली. माझा कप तिनं चाचपून पुढे घेतला. तिला दिसत नाही म्हणून ती कपात आतून बोट धरून ओतते, चहा बोटाला लागला की थांबते. एरवी ती काठाच्या जरा खालीच थांबायची. आज चहा बोटाला लागला आणि ती थांबली नाही. बोट भाजलं असेल, तरी ओतत राहिली. कप काठोकाठ भरला, बशी भरली, खाली सारवलेल्या जमिनीवर सांडला. मग तिनं तो दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर धरला.

 शब्दानं सांगितलं असतं तर मी भांडले असते, नाही म्हणाले असते, आणि जिंकलेही असते.

मी तो कप घेतला. माझीही बोटं भाजली. सगळा प्याले, बशीतलासुद्धा. रडत प्याले हे तिला दिसलं नाही, पण तिला ते कळलं असणार. मग मी दोन बोटांनी पाटावर टकटक केली. ती हसली. तुम्ही गेल्यापासून तशी हसली नव्हती.

मी १५ तारखेला, मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरनं नागपूरला जाते आणि तिथून मेल धरते. चतुराबाईचा मुलगा खुशाल नागपूरपर्यंत सोबत आहे, तो गाडीत बसवून देईल. हावड्याला तुम्ही उभे राहा. लुगडं पांढरंच असेल.

मायनं जवळ बसून हे सांगितलं, ते तसंच लिहिते:

"प्रेमदास, तुया मिस्त्रीले माया जयभीम सांगजो. म्या तुले चुकीचं सांगतलं, पन खोटं नाई सांगतलं. सुलोचनेले धाडून राह्यली. पुढच्या दसऱ्याले दोघंई येजा. अन् आले का मले तुमच्या हातानं चहा देजा. पन भरून नको देजा बाप्पा. पाऊणच ओतजा. मी अजून बसून आहो."

सुलोचना